कर्ता गाळलेले चित्र: जुनी यंत्रे आणि कृष्णधवल छायाचित्रण

जुन्या यंत्राचे कृष्णधवल छायाचित्र पाहताना होणारा आनंद निर्दोष असतो काय, हा प्रश्न वरवर पाहता सौंदर्यशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो नीतिविचाराचा आहे, आणि मराठी समीक्षेने त्याची दखल अभावानेच घेतली आहे. एक छायाचित्र कल्पावे. अंबरनाथमधील एखादी पत्र्याची शेड. वरच्या तुटक्या कौलातून तिरपा उजेड आलेला. त्या उजेडात बिडाचा एक जुना लेथ. हातचाकाची कड हाताळून गुळगुळीत झालेली, बेडवर तेल आणि धूळ यांचा थर, भिंतीवर थांबलेले घड्याळ. माणूस नाही. असे चित्र कोणत्याही प्रदर्शनात दाद मिळवील, आणि ती दाद खोटी असणार नाही. करड्या रंगाच्या असंख्य छटांतून लोखंडाचा पोत, वजन, झीज हे सारे विलक्षण स्पष्टतेने समोर येते. प्रश्न असा, की ही दाद नेमकी कशाला दिली जाते, आणि ती देताना कशाकडे पाठ फिरवली जाते?

या प्रश्नाला अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यात एक वेगळी धार येते. येथे उद्योगाचे तीन थर एकमेकांना लागून आहेत. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी 1919 मध्ये स्थापन झाली आणि तिने अंबरनाथला गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट खत यांचे उत्पादन सुरू केले. स्वीडिश भांडवलातून 1923 मध्ये उभ्या राहिलेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना येथलाच. ‘विम्को नाका’ हे नाव अंबरनाथकरांच्या तोंडी अजून आहे. संरक्षण उत्पादनाचा कारखाना आणि 1953 मध्ये सुरू झालेली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचे घर, हीही याच गावात. शेजारी दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या लष्करी बॅरकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि त्याच बॅरकींत, त्यांच्या ओसरीवर, पोटमाळ्यावर लहान लहान कारखाने निघाले. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आल्या. बदलापूरची रासायनिक कारखान्यांची वसाहत हा त्यातला तिसरा थर. ‘जुने यंत्र’ या संज्ञेचा अर्थ या पट्ट्यात स्थिर राहत नाही. जे एका गाळ्यात भंगार म्हणून निघते ते दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या गाळ्यात उद्यापासून कामाला लागते.

मराठी व्याकरणाने या प्रश्नाकडे पाहण्याची एक सोय करून ठेवली आहे. क्रियापदाचे कर्त्याशी आणि कर्माशी जे नाते असते त्याला व्याकरणात प्रयोग म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या विषयाचा तपशीलवार खल आहे. कर्तरीत क्रियापद कर्त्याच्या अंगाने चालते: कामगार दांडा कातरतो. कर्मणीत ते कर्माच्या अंगाने चालते, पण कर्ता तृतीयेत का होईना हजर असतो: कामगाराने दांडा कातरला. कर्मकर्तरीत त्याला बाहेरची वाट दाखवली जाते: दांडा कातरला गेला. आणि अकर्तृक भावे प्रयोगात कर्ता शोधूनही सापडत नाही: उजाडले, सांजावले. कोणी उजाडले, असे विचारताच येत नाही. औद्योगिक छायाचित्रणाचा इतिहास हा या प्रयोगांतून उतरत जाण्याचा इतिहास आहे असे म्हटले तर ते अतिव्याप्त होईल. पण प्रत्येक छायाचित्राला त्याचा प्रयोग विचारता येतो, आणि तो विचारला की बऱ्याच गोष्टी उकलतात.

अमेरिकेत बालकामगारांची छायाचित्रे घेत हिंडणारा लुईस हाइन 1920 मध्ये वीजगृहातल्या मेकॅनिकचे चित्र घेतो: वाकलेली पाठ, हातातला भला मोठा पाना, आणि सभोवार यंत्राचे वर्तुळ. हा उघड कर्तरी प्रयोग आहे. चित्र मांडून घेतलेले आहे हा आक्षेप रास्त असला, तरी पाना कोणाच्या हातात आहे याबद्दल संभ्रम राहत नाही. मुंबईत राहून स्वतंत्र भारताच्या उद्योगांची छायाचित्रे घेणारे मित्तर बेदी यांच्या कामात कर्ता बहुधा तृतीयेत जातो. कंपन्यांसाठी काढलेल्या त्या चित्रांत टाक्या, मनोरे, नळ यांची भव्य भूमिती असते; माणूस असलाच तर टाकीची उंची कळावी म्हणून असतो. बेदींची प्रकाशाची जाण असामान्य होती आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्याने मजुरी दिली त्याचे व्याकरण चित्रात उतरते.

भावे प्रयोगाचे सर्वांत निष्ठावान साधक म्हणजे जर्मनीचे बर्न्ड आणि हिला बेखर. या दांपत्याने 1959 पासून पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या, खाणींची शिखरे यांची छायाचित्रे एकाच शिस्तीत घेतली: ढगाळ आकाश, समोरून घेतलेला कोन, सावली नाही, माणूस नाही. अनेकदा ती वास्तू पाडली जाण्याच्या थोडे आधी. 1990 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्यांना पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेचा. छायाचित्रांना शिल्पाचे पारितोषिक मिळावे यातला विनोद फारसा कोणाला जाणवला नाही. पण त्यात एक निदान दडलेले आहे. कर्ता पूर्णपणे काढून घेतला की यंत्राची मूर्ती होते. बेखरांच्या बाजूने मात्र एवढे म्हटलेच पाहिजे, की त्यांनी हळवेपणाला थारा दिला नाही. तिरपा उजेड, धुळीचे कवडसे, थांबलेले घड्याळ ही सारी सामग्री त्यांनी कटाक्षाने वगळली. त्यांच्या मागून आलेल्या भग्नावशेषांच्या छायाचित्रकारांनी त्यांची निर्मनुष्यता उचलली आणि संयम सोडून दिला.

वाल्टर बेन्यामिनने 1931 च्या छायाचित्रणावरील निबंधात ब्रेख्तचे एक निरीक्षण नोंदविले आहे. क्रुप किंवा एईजी या कारखान्यांच्या छायाचित्रातून त्या संस्थांविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, असा त्याचा आशय. त्याआधी तीनच वर्षे आल्बेर्ट रेंगर-पाट्श याचे ‘जग सुंदर आहे’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक आले होते, आणि बेन्यामिनचा रोख त्या शीर्षकाकडे होता. कारखाना हे मूलतः नात्यांचे जाळे आहे: मजुरी, पाळी, हजेरी, देणे, घेणे. कॅमेऱ्याला दिसतो तो पृष्ठभाग. हा आक्षेप आता सर्वश्रुत झाला आहे, इतका की त्याचा उच्चार केला म्हणजे विचार केला असे वाटू लागते. त्यात एक उणीव आहे. पृष्ठभाग अपुरा आहे असे तो सांगतो; पृष्ठभाग कोणत्या काळात बोलतो, हे सांगत नाही.

येथे रोलां बार्थकडे वळावे लागते. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या पुस्तकात बार्थने छायाचित्राचे सार ‘ते होते’ या प्रतीतीत पाहिले. छायाचित्रातली वस्तू कॅमेऱ्यासमोर खरोखर होती आणि आता ती तशी नाही, असा दुहेरी दाब प्रेक्षकावर पडतो. परंतु बार्थच्या मनापुढे मुख्यतः माणसाचा चेहरा होता, आणि त्यातही मृत आईचा. यंत्राच्या छायाचित्रात हा काळ थोडा बदलतो. मराठीत ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात, करी, जाई, चाले, त्याच्याशी तो अधिक जुळतो. रिकाम्या लेथचे कृष्णधवल चित्र सांगते, की येथे कोणी काम करी, येथे पट्टा फिरे, येथे भोंगा होई. रीतिभूतकाळ हा मराठीत आजीच्या गोष्टींचा काळ आहे. त्यात एक ऊब आहे. आणि त्यात बोलल्या गेलेल्या गोष्टींबद्दल कोणाला काही करावे लागत नाही.

नेमकी अडचण येथे आहे. या पट्ट्यातले पुष्कळसे ‘जुने’ काम संपलेले नाही. उल्हासनगरच्या गाळ्यांत बिडाचे लेथ आणि पॉवर प्रेस चालू आहेत. त्यांच्यावर काम करणारा माणूस आजची मजुरी आज मागतो. त्याच्या यंत्राचे कृष्णधवल चित्र त्याला जिवंतपणी रीतिभूतकाळात ढकलते. सेबास्तियाओ साल्गादो याचा 1993 चा ‘वर्कर्स’ हा ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात माणसे भरपूर आहेत, धनबादच्या खाणीतली आहेत, राजस्थानच्या कालव्यावरची आहेत, आणि ती सर्व त्या वेळी कामावर होती. तरी ग्रंथाचे उपशीर्षक त्याला औद्योगिक युगाचे पुरातत्त्व म्हणते. ज्या बाईच्या डोक्यावर या क्षणी माती आहे ती उत्खननात सापडलेली नाही. साल्गादोच्या सहानुभूतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे ठरते: चित्रात कर्ता असूनही काळ त्याला गिळू शकतो.

कृष्णधवल छायाचित्रकाराला जुनेच यंत्र का हवे असते, याचाही विचार करावयास हवा. बदलापूरच्या वसाहतीत काचेचे अस्तर लावलेली रासायनिक पात्रे आहेत. बाहेरून पाहिले तर रंगवलेले एक बंद भांडे, काही नळ, एक जिना. त्यात चाक नाही, पट्टा नाही, हात झिजवील असा दांडा नाही. येथला धोका हवेत आणि कातडीवर असतो, डोळ्यांना दिसत नाही. हे भांडे कॅमेऱ्याला रुचत नाही. ज्या यंत्रात श्रमाची खूण दिसते ते यंत्र सुंदर ठरते, आणि ज्यात ती लपते ते दुर्लक्षित राहते. परिणामी आजचा कामगार कालच्या कामगाराहून कमी चित्रित होतो.

याला एक अगदी व्यावहारिक कारणही आहे, आणि तात्त्विक चर्चेत ते सहसा निसटते. चालू कारखान्यात कॅमेरा नेता येत नाही. संरक्षण उत्पादनाचा कारखाना तर 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेतला. खासगी कारखान्याच्या फाटकावरही मनाईची पाटी असते. मालकाने बोलावलेला छायाचित्रकार तेवढा आत जातो. बाकीच्यांना प्रवेश मिळतो तो कारखाना बंद पडल्यावर, रखवालदाराच्या मेहेरबानीने. म्हणजे कामगार बाहेर पडल्याखेरीज स्वतंत्र कॅमेरा आत शिरत नाही. निर्मनुष्यता ही मग कलावंताची निवड उरत नाही. ती मालमत्तेच्या हक्काने आधीच ठरवलेली चौकट असते, आणि कलावंत तिच्यावर आपली शैली म्हणून सही करतो. चलच्चित्रपटाचा आरंभही फाटकाबाहेरच झाला. ल्यूमिएर बंधूंनी 1895 मध्ये आपल्याच लियाँच्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले, आणि 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविलेल्या पहिल्या सहा चित्रफितींत तीही होती. ते कामगार छायाचित्रणाच्याच काचा बनवीत होते; पण त्या बनत कशा, हे ती फीत दाखवत नाही. हारून फारोकीने 1995 मध्ये या एका प्रसंगावर संपूर्ण चित्रपट केला, कारण शंभर वर्षे कॅमेरा त्या फाटकाशीच अडखळत राहिला होता.

छायाचित्रणही एक उद्योग आहे, हे या निमित्ताने आठवावे. उटीजवळचा हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 1960 मध्ये स्थापन झाला, 1967 पासून त्याचे उत्पादन निघू लागले. ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म कित्येक हौशी छायाचित्रकारांनी वापरली. नंतर तो कारखानाही बंद पडला. इतर कारखान्यांच्या स्मृती ज्या चांदीच्या क्षारांवर उमटल्या ते क्षार फिल्मवर चढविणाऱ्या हातांचे चित्र कोणी घेतले असेल तर ते अपवादानेच.

आता रंगाचा मुद्दा. खंडेनवमीला या पट्ट्यातल्या गाळ्यागाळ्यांत यंत्रे धुऊनपुसून पूजली जातात. लेथच्या हेडस्टॉकवर हळदकुंकू, चकला झेंडूची माळ, पायाशी नारळ. त्या दिवशी यंत्र थांबते, आणि वर्षातला हा एकच दिवस असतो की ज्या दिवशी यंत्र आणि ते चालवणारा यांचे नाते कामगाराच्या स्वतःच्या भाषेत मांडले जाते. कृष्णधवल चित्रात झेंडू करडा होतो. कुंकू काळपट होते. जुन्या, लाल रंगाला आंधळ्या असलेल्या फिल्मवर तर ते पार काळे होई. मग कुंकवाचा टिळा आणि तेलाचा डाग यांत फरक उरत नाही. तेल आणि रक्त यांतही उरत नाही, आणि पॉवर प्रेसवर बोटे गमावण्याचा प्रकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे उदाहरण अतिरंजित वाटणार नाही. करड्या छटांचा एकजिनसीपणा ही या माध्यमाची शोभा आहे. वेगळ्या जातीच्या खुणांना एका जातीचे करणे ही तिची किंमत.

वालधुनी नदीने तर हा प्रश्न उघडच मांडला आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहत उल्हासनगरातून पुढे कल्याणकडे जाणाऱ्या या नदीत वर्षानुवर्षे कारखान्यांचे आणि जीन्स रंगविणाऱ्या-धुणाऱ्या गाळ्यांचे सांडपाणी जात राहिले, आणि पाण्याचा रंग बदलत राहिला. कृष्णधवल चित्रात ती साधी काळी नदी दिसेल, कदाचित रम्यही. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात या नदीच्या नाल्यात टँकरमधून रसायन सोडले गेले आणि उठलेल्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. (सोडले गेले: या वाक्यातूनही कर्ता गळलेला आहे, आणि वृत्तान्तांची भाषा बहुधा अशीच असते.) मात्र येथून रंगीत छायाचित्र सत्य आणि कृष्णधवल असत्य असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनडाच्या छायाचित्रकाराने 1996 मध्ये निकेलच्या खाणीच्या मळीचा केशरी प्रवाह रंगांत टिपला. ते चित्र इतके देखणे आहे की विषाचा विसर पडावा. वास आणि खोकला दोन्ही प्रकारांत येत नाहीत.

फरक पडतो तो निवडीच्या जबाबदारीत. फिल्मच्या काळात कृष्णधवल ही बऱ्याच अंशी सक्ती होती. रंगीत फिल्म महाग, ती धुण्याची सोय दूर. आजच्या सर्वसाधारण डिजिटल कॅमेऱ्यात रंग आधी नोंदला जातो आणि नंतर काढून टाकला जातो. पूर्वी जे माध्यमाचे असामर्थ्य होते ते आता छायाचित्रकाराचे कृत्य आहे, आणि कृत्याला कारण विचारता येते. रंग का काढला? कधी उत्तर चांगले असते. शेडमधल्या हिरवट दिव्यांचा गोंगाट दूर करून धातूची झीज वाचता यावी हे चांगले उत्तर आहे. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ होते. क्ष-किरणाची पट्टीही काळीपांढरीच असते, पण तिच्यासमोर कोणी गतकातर होत नाही, मोडले कोठे आहे एवढेच पाहतात. जुनेपणा यावा म्हणून काढला, हे उत्तर मात्र काळाची अफरातफर आहे.

येथे एक प्रतिवाद संभवतो आणि तो दुबळा नाही. त्याच वालधुनीच्या काठावरील शिवमंदिर शके 982 मधले, म्हणजे इसवी सन 1060 चे. ते घडविणाऱ्या पाथरवटांची नावे रसिकाला माहीत नसतात. त्याच्या शिल्पांची कृष्णधवल छायाचित्रे पाहताना कोणाच्या मनाला टोचणी लागत नाही. मग काडेपेटीच्या कारखान्याबाबतच कर्त्याचा आग्रह का? सर्व वास्तू कधी ना कधी कर्त्यापासून सुटतात, आणि सुटल्यावरच त्या सर्वांच्या होतात. या युक्तिवादाला सौंदर्यशास्त्रातून उत्तर देता येणार नाही. उत्तर देण्याघेण्याच्या वहीत आहे. पाथरवटांचे कोणाकडे काही येणे उरलेले नाही. शहाडच्या पलीकडे मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना 2009 मध्ये बंद पडला, आणि त्याच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला. अशा कारखान्याच्या गंजलेल्या नळांकडे मंदिराकडे पाहावे तसे पाहणे म्हणजे हिशेब मिटण्याआधीच तो मिटल्याचे जाहीर करणे होय. भावे प्रयोग मंदिराला शोभतो. कारखान्याला तो अजून लागू झालेला नाही.

याचा अर्थ प्रत्येक चौकटीत एक कामगार उभा केला म्हणजे भागले, असा मुळीच नव्हे. उंची कळावी म्हणून उभा केलेला माणूस आणि न उभा केलेला माणूस यांत नैतिक अंतर थोडे आहे. उलट निर्मनुष्य चित्रही कर्ता राखू शकते, त्या चित्रातल्या खुणा सुट्या पोत म्हणून न येता कोणाच्या तरी सवयी म्हणून आल्या तर: लिव्हरला घसरू नये म्हणून गुंडाळलेली चिंधी, नेमक्या उंचीवर ठोकलेला खिळा आणि त्याला टांगलेला चष्मा, पायाखाली ठेवलेली फळी. चित्राखालची ओळही येथे निर्णायक ठरते. ‘जुना लेथ, अंबरनाथ’ एवढेच लिहिले की चित्र भाव्यात जाते. त्यावर काय कातरले जाई किंवा जाते, पाळी किती तासांची, यंत्र चालू की बंद, बंद असेल तर कधीपासून आणि कोणाच्या निर्णयाने, हे लिहिले की क्रियापद आपला कर्ता शोधू लागते. प्रदर्शनांना अशा लांब ओळी आवडत नाहीत. भिंतीची शोभा जाते म्हणतात.

आणि एक कसोटी अशी, की हे चित्र ज्याच्या कामाचे आहे त्याला दाखवावे. आरंभी कल्पिलेल्या छायाचित्रात एक तपशील सांगावयाचा राहिला. लेथच्या चकमध्ये किल्ली तशीच अडकून राहिलेली आहे, आणि तिच्या दांड्यावर तिरप्या उजेडाची एक रेघ पडली आहे. रचनेच्या दृष्टीने ती रेघ अत्यंत मोक्याची; डोळा तिच्यावरूनच चित्रात शिरतो. टर्नरला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की किल्ली चकमध्ये कधी ठेवायची नाही: यंत्र सुरू झाले तर ती सुटून समोरच्याच्या तोंडावर येते. त्याला हे चित्र दाखवले तर तो उजेडाविषयी काही बोलणार नाही. किल्ली कोणी अशी ठेवली, एवढेच विचारील.